फ्रिजवरचा सूर्यदेव

माई ग्रीसहून परतून आज पाच दिवस झाले. त्यातले दोन झोपेत गेले, एक धुण्यात, आणि एक "तिकडे साधी पोळीभाजी मिळेना गं" हे अख्ख्या गल्लीला फोनवर सांगण्यात. पाचव्या दिवशी सकाळी मी कढीपत्त्याला ताक घालत होते, तेवढ्यात मेंदीच्या कुंपणापलीकडून खाकरल्याचा आवाज आला. माई खाकरल्या की बातमी असते.

"हात पुढे कर. तुझ्यासाठी आणलंय. फ्रिजला लाव."

कागदाच्या पुडीत मॅग्नेट होतं. निळंशार पाणी, समोरासमोर दोन धक्के, आणि एकेका धक्क्यावर एकेक पाय रोवून उभा असलेला सोनेरी, उघडाबंब गडी. डोक्याभोवती किरणं, हातात मशाल. दोन पायांच्या कमानीतून एक शिडाचं जहाज ऐटीत आत येतंय.

"ऱ्होड्सचा कोलोसस," माई म्हणाल्या. "सूर्यदेव. जगातल्या सात आश्चर्यांपैकी. मी तिथं उभी होते बरं का! बंदराच्या तोंडाशी दोन खांब आहेत, एकावर हरीण, एकावर हरिणी. गाइड म्हणाला, इथं त्याचा एक पाय होता, आणि तिथं दुसरा."

"माई, फार गोड आहे हो. पण हा असा नव्हता."

"काय असा नव्हता?"

"पाय असे नव्हते."

"तीस वर्षं लायब्ररीत बसून तू हेच बघितलंस होय? नागड्या पुतळ्याचे पाय?"

एवढ्यात मागच्या बंगल्यातले तांबटकाका परडी घेऊन आले. रोज सकाळी ते आमची जास्वंद 'विचारून' तोडतात, म्हणजे आधी तोडतात आणि मग विचारतात. जन्म कसब्यातल्या तांबट आळीत, उमेदीची सगळी वर्षं तांब्याचा पत्रा ठोकण्यात गेली. त्या ठोकाठोकीत कान अधू झाले, त्यामुळे काका बोलतात ते चौथ्या घरापर्यंत जातं आणि ऐकतात ते निम्मं.

"कुठल्या रोडवरचा पुतळा?"

"रोड नाही हो काका, ऱ्होड्स! ग्रीसचं बेट आहे."

"ब्राँझचा ना? आण इकडे." त्यांनी मॅग्नेट डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं. "कुणी केला त्याला उभं राहता येतं का विचारा आधी. हा असा उभा राहिला तर जांघेत फाटेल."

काकांच्या या एका वाक्याला माझ्या लायब्ररीतली दोन पुस्तकं लागली असती.

"मग गाइड खोटं बोलला?" माईंचा चेहरा पडला. सव्वादोन लाख रुपये भरून आलेल्या माणसाला हे ऐकवत नाही.

"गाइडचं काय चुकलं? त्याच्याआधी सहाशे वर्षं लोक हेच सांगतायत. १३९५ च्या सुमाराला इटलीचा एक नोटरी यात्रेहून परतताना ऱ्होड्सला उतरला. निकोलो दे मार्तोनी त्याचं नाव. त्याला तिथल्या लोकांनी सांगितलं, की पूर्वी इथं एवढा मोठा पुतळा होता, एवढा मोठा, की एक पाय संत निकोलसच्या देवळाच्या बाजूला आणि दुसरा समोरच्या धक्क्यावर. त्यानं ते लिहून ठेवलं. आता हिशोब करा. पुतळा कोसळला इ.स.पू. २२६ च्या आसपास. म्हणजे मध्ये सोळाशे वर्षं गेलेली. सांगणाऱ्यानं पाहिलेला नाही, त्याच्या खापरपणजोबानंही नाही. पुढे सोळाव्या शतकात हेमस्कर्क नावाच्या डच चित्रकारानं सात आश्चर्यांची चित्रं काढली, त्यात हा पाय फाकवून उभा. ती छापली गेली, घरोघर गेली. शेक्सपिअरनं 'ज्युलिअस सीझर'मध्ये सीझरला याच कोलोससची उपमा दिली, पाय फाकलेले तसेच ठेवून. मग कोण ऐकतंय?"

"बघितलं कुणीच नाही, आणि सांगतायत सगळे," माई म्हणाल्या. "आपल्या सोसायटीतल्या त्या प्रकरणासारखं."

कुठल्या प्रकरणासारखं ते मी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर ऱ्होड्स तिथंच राहिलं असतं.

"म्हणजे पुतळाच नव्हता म्हणतेस?"

"नाही, नाही! पुतळा होता. अगदी नक्की होता. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस त्याच्या पडण्याबद्दल लिहितो, स्ट्रॅबो लिहितो, रोमन प्लिनी लिहितो. करणाऱ्याचं नाव माहीत आहे, लिंडोसचा खारेस. लिंडोस म्हणजे त्याच बेटावरचं गाव. तुम्ही गेलाच असाल."

"गेले ना. गाढवावर बसून चढले वर."

"तर तो खारेस. लिसिपस नावाच्या फार मोठ्या शिल्पकाराचा शिष्य. उंची ७० हात, म्हणजे बत्तीसेक मीटर, शंभर फुटांच्या वर. हे सगळं जुळतं. जुळत नाही ते त्याचं उभं राहणं. आणि गंमत अशी माई, की जे जे आपल्याला त्याच्याबद्दल सांगतात, त्यांतल्या एकानंही त्याला उभा पाहिलेला नाही. प्लिनीच्या हिशोबानं तो ६६ वर्षं उभा होता. त्या ६६ वर्षांत किती खलाशी, किती व्यापारी, किती गुलाम त्याच्यासमोरून गेले असतील! त्यांच्यापैकी कुणाचंच वर्णन आपल्यापर्यंत आलं नाही. एक छोटी कविता आहे, त्याच्या अर्पणलेखाची म्हणतात. तिच्यात समुद्र आणि जमीन दोन्हींचा उल्लेख येतो. मला वाटतं, कुणीतरी पुढे त्याचाच अर्थ लावला असेल, की एक पाय इकडे आणि एक तिकडे. पण पाय कसे होते, हात कुठे होता, अंगावर कपडा होता की नव्हता, यातलं त्या कवितेत काही नाही."

"मग हे तोंड? हा मुकुट?"

"तोंडाबद्दल थोडा तरी आधार आहे. ऱ्होड्सच्या नाण्यांवर त्यांचा सूर्यदेव हेलिओस असायचा, काही नाण्यांवर किरणांसकट. तेव्हा मानेपासून वर मॅग्नेट चालेल."

"म्हणजे वरचा अर्धा फ्रिजला लावायचा," काका म्हणाले आणि स्वतःच एवढे हसले की परडीतली दोन फुलं खाली पडली.

माईंनी मात्र सोडलं नाही. त्यांचं हे मला आवडतं. सून असो की सूर्यदेव, त्या मुळाशी जातात. "केला कशासाठी पण एवढा? नवस होता का?"

"भंगारातून केला."

"काय सांगतेस!"

"खरंच. इ.स.पू. ३०५ मध्ये डिमिट्रियस नावाचा राजपुत्र ऱ्होड्सवर चालून आला. अलेक्झांडरच्या मागे त्याच्या सरदारांची भाऊबंदकी चालली होती, त्यातल्याच एकाचा हा मुलगा. लोक त्याला 'शहरं घेणारा' म्हणायचे. त्यानं तटाला भिडवायला नऊ मजल्यांचा, चाकांवरचा मनोरा केला. लाकडी, बाहेरून लोखंडी पत्रे. तो ढकलायला ३,४०० माणसं लागायची. वर्षभर वेढा घालून बसला. इजिप्तचा टॉलेमी ऱ्होड्सवाल्यांना आतून धान्य आणि माणसं पुरवत राहिला. शेवटी डिमिट्रियसनं तह केला आणि सगळा सरंजाम तिथंच टाकून निघून गेला. ऱ्होड्सचे लोक जातीचे व्यापारी. त्यांनी तो सरंजाम विकला, ३०० टॅलंट आले, आणि त्यातून आपल्या सूर्यदेवाचा पुतळा उभारला. बारा वर्षं लागली."

"टॅलंट म्हणजे हुन्नर ना?" काका.

"इथं वजन. एक टॅलंट साधारण २६ किलो. तेवढ्या वजनाची चांदी."

"शहरं घेणारा," माई म्हणाल्या, "आणि गेला काय तर सामान टाकून. आमच्या वरच्या मजल्यावरचे भाडेकरू असेच गेले. त्यांचं कपाट मी अजून वापरतेय."

काकांचं लक्ष या राजकारणात नव्हतं. ते अजून मॅग्नेटवरच्या मांड्यांकडे बघत होते. "ओतीव की ठोकीव?"

मला वाटलं होतंच, की हा प्रश्न येणार. "यावर भांडण आहे काका. फिलो नावानं एक जुना लेख आहे सात आश्चर्यांवर. तो म्हणतो, आधी पांढऱ्या संगमरवराच्या चौथऱ्यावर पावलं बसवली, घोट्यापर्यंत. मग त्याच्यावर पुढचा भाग जागच्या जागी ओतला, त्याच्यावर पुढचा. भोवती मातीचा ढीग वाढवत नेला, म्हणजे कारागीर कायम जमिनीवरच. शेवटी माती काढली. धातू किती लागला तेही सांगतो, ५०० टॅलंट ब्राँझ आणि ३०० टॅलंट लोखंड. पण हा लेख बराच उशिराचा आहे, पुतळ्यानंतर पाच-सहाशे वर्षांचा तरी असावा."

काकांनी परडी कुंपणावर ठेवली. याचा अर्थ आता पूजेला उशीर होणार. "पाचशे गुणिले सव्वीस. तेरा हजार किलो. तेरा टन." मग ते आकाशाकडे बघत पुटपुटायला लागले. आळीतल्या माणसाचं पाटीपेन्सिल तिथंच असतं. "माणसाची कातडी पसरली तर पावणेदोन-दोन चौरस मीटर भरते. तो माणसाच्या किती पट?"

"वीसपट धरा."

"उंची वीसपट, तर कातडी वीस गुणिले वीस. चारशेपट. म्हणजे सातशे, साडेसातशे चौरस मीटर पत्रा. तेरा टन त्याच्यावर वाटले तर..." ते थांबले आणि माझ्याकडे असे बघायला लागले, जसं मीच काही लपवलंय. "वहिनी, हा दोन मिलीचाही जेमतेम भरतो. हा बंबाचा पत्रा झाला!"

"मग?"

"मग काय मग? दोन मिली ओतता येतं का? ओतारी घंटा ओततो, समया ओततो, त्याला जाडी लागते. रस साच्यात धावायच्या आधी गोठेल. आणि तेही तिथं वर, मातीच्या ढिगावर भट्ट्या लावून? दोन मिली म्हणजे आमचं काम. पत्रा तापवायचा, मऊ करायचा, मठारायचा, पुन्हा तापवायचा. कांसं कडक असतं, घाई केली तर चिरतं, पण होतं. तुकडे करून जागेवर जोडायचे, आत लोखंडाचा सांगाडा. तो तुमचा फिलो स्वतःच सांगतो की ओतला, आणि धातूचा आकडा देतो ठोकीव कामाचा. दोन्हीपैकी एक खोटं."

मी आत जाऊन काकांसाठी चहा घेऊन आले, कारण याला चहाच द्यायला हवा होता. ब्रिटिश म्युझियममध्ये हर्बर्ट मॅरिअन म्हणून एक धातुकाम जाणणारे गृहस्थ होते. १९५० च्या दशकात त्यांनी याच वाटेनं जाऊन हेच म्हटलं होतं, की हा आकडा खरा असेल तर पुतळा ठोकीव पत्र्याचा असणार. नंतर दुसऱ्यांनी फिलोची बाजू घेतली, ओतकामाचं वर्णन नीट वाचलं तर शक्य आहे म्हणाले. मॅरिअन यांना निबंध लिहावा लागला. काकांनी ते जास्वंदीची परडी बाजूला ठेवून केलं.

"स्टॅच्यू ऑफ लिबर्टी बघितलाय मी, लेकीकडे गेले होते तेव्हा," माई म्हणाल्या. "ती पण तांब्याची ना?"

"ठोकीवच आहे ती. पत्रा अडीच मिलीच्याही आतला, आत लोखंडाचा सांगाडा. आणि मशालीचा हात सोडून टाचेपासून डोक्यापर्यंत ती चौतीस मीटर. म्हणजे हा आणि ती जवळजवळ एका उंचीचे."

"जोडा छान दिसला असता," माई म्हणाल्या.

"पण ती पाय फाकवून नाही उभी," काका गरजले. "घोळदार झगा आहे तिला. खाली रुंद, वर निमुळती. शहाण्या माणसानं केलीय."

मग मी त्यांना खारेसची दुसरी गोष्ट सांगितली. सेक्स्टस एम्पिरिकस नावाचा ग्रीक लेखक ती सांगतो. ऱ्होड्सवाल्यांनी खारेसला विचारलं, अमुक उंचीच्या पुतळ्याला किती खर्च? त्यानं आकडा दिला. मग म्हणाले, दुप्पट उंच करायचा तर? तो म्हणाला, दुप्पट. झालं! सगळे पैसे सुरुवातीच्या कामातच संपले आणि खारेसनं जीव दिला. मागाहून कारागिरांच्या लक्षात आलं, की दुप्पट नव्हे, आठपट मागायला हवे होते, कारण पुतळा तिन्ही बाजूंनी वाढतो.

काकांनी कप खाली ठेवला. "आठपट? का म्हणून? भरीव आहे का तो? पोकळ आहे! हंडा दुप्पट केला तर पत्रा चौपट लागतो, आठपट नाही. जाडी थोडी वाढवावी लागेल, सांगाडा वाढेल, तरी आठपट नाही. ही गोष्ट कुणा गणिताच्या मास्तरानं केलीय. तांबटानं कधी जीव दिला असेल तर उधारीपायी."

सेक्स्टसला पुतळा पडून चारशे वर्षं झाल्यावर हे सुचलं होतं, तेव्हा काकांचंच खरं मानायला मला अडचण वाटली नाही.

"बरं, पण ते पाय," माई म्हणाल्या. त्यांच्या दृष्टीनं मॅग्नेटचा निकाल अजून लागायचा होता.

"पायांचं असं आहे माई. बत्तीस मीटरचा माणूस पाय फाकवून फाकवून किती फाकवेल? पंधरा-वीस मीटर. बंदराचं तोंड त्याहून कितीतरी रुंद. म्हणजे हा तिथं पुरतच नाही. आता तुम्ही म्हणाल, पुतळा आणखी मोठा होता. पण तो तसा करायचा तर बंदराच्या तोंडात मातीचा डोंगर घालून बारा वर्षं बसायला हवं. ज्यांचं पोट जहाजांवर, ते स्वतःचंच बंदर बारा वर्षं बंद करतील? आणि तिसरं म्हणजे, तो पडला तेव्हा पाण्यात पडायला हवा होता. पण प्लिनी म्हणतो, जमिनीवर पडलेला आहे आणि पडलेलासुद्धा नवल वाटावं असा आहे. भूकंपात गुडघ्यांत मोडला, असं स्ट्रॅबो लिहितो."

"गुडघ्यात मोडणारच," काका म्हणाले. "आत दगड भरले असतील खाली, वजनाला."

"भरले होते. प्लिनी लिहितो, मोडलेल्या अवयवांतून मोठमोठ्या गुहा दिसतात आणि आत प्रचंड धोंडे, जे खारेसनं पुतळा स्थिर राहावा म्हणून घातले होते."

"मग गुडघ्यापर्यंत जड आणि वर पोकळ. जमीन हलली की दोन्ही वेगवेगळे हलतात. जोडावर फाटतं."

माई जरा गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "श्रवणबेळगोळला बाहुबली आहे ना आपला. पायाशी मराठी लेख आहे, मी वाचायचा प्रयत्न केला होता. त्याला मागून आहे आधार, वारुळाचा. मांड्यांपर्यंत."

मला हे सुचलं नव्हतं. बाहुबली एकाच दगडातला, ५७ फुटांचा, या सूर्यदेवाच्या निम्म्याहून थोडा जास्त. ज्यानं घडवला त्यानं पायांच्या मागे वारूळ आणि वेली ठेवून दिल्या. भक्ताला त्यात तपश्चर्या दिसते, पण पाथरवटानं त्यात आधार ठेवलाय. हजार वर्षं झाली, तो उभा आहे. सूर्यदेवाच्या मागे काही होतं की नाही, कोण जाणे. असलं तरी पुरलं नाही.

"पडल्यावर पुन्हा नाही उभारला?"

"इथं खरी गोष्ट आहे. भूकंपात गाव, तट, गोद्या, सगळंच पडलं. मग ऱ्होड्सवाल्यांनी वकील पाठवले सगळ्या राजांकडे. पॉलिबिअस म्हणतो, त्यांनी ते संकट इतक्या हुशारीनं मांडलं की नुकसानीपेक्षा फायदाच जास्त झाला. सगळ्यांनी पैसे दिले, धान्य दिलं, लाकूड दिलं. इजिप्तच्या टॉलेमीनं, तोवर तिसरा टॉलेमी आला होता, एकट्या पुतळ्याच्या दुरुस्तीसाठी ३,००० टॅलंट देऊ केले, शिवाय शंभर बांधकामाचे मिस्त्री आणि ३५० गवंडी."

"बांधायला तीनशे आणि दुरुस्तीला तीन हजार?" माईंनी सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत करतात तसा हात वर केला. "कोटेशन कुणी दिलं?"

"कशाचे तीन हजार ते बघा आधी," काका म्हणाले. "चांदीचे टॅलंट आणि तांब्याचे टॅलंट यात घर आणि खुराडं एवढा फरक."

"काहीही असो, पुतळा उभारला नाही. स्ट्रॅबो म्हणतो, देवाचा कौल आला की उभारू नका."

माई आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनी कुंपणातून माझ्या हातावर टाळी दिली.

"पैसे आल्यावर कौल आला की आधी?"

"तेवढं स्ट्रॅबोनं लिहिलं नाही."

"नाहीच लिहिणार. देऊळ कमिटीवर असेल."

खरं सांगायचं तर स्ट्रॅबोचा काही संबंध नव्हता, तो दोनशे वर्षांनंतरचा. पण माईंच्या तोंडून ते इतकं पटण्यासारखं निघालं की मी दुरुस्त केलं नाही. यात माझंही थोडं चुकलं.

"तर मग तो तिथंच पडून. शंभर वर्षं, पाचशे वर्षं, आठशे वर्षं. इ.स. ६५३ मध्ये अरबांनी बेट घेतलं आणि मुआवियानं तो मोडीत काढला, असं नवव्या शतकातला थिओफनीस लिहितो. एडेसाच्या व्यापाऱ्यानं घेतला आणि ९०० उंटांवर लादून नेला. नंतरच्या एकानं त्याचे ९८० केले."

"बेटावर नऊशे उंट?" माई.

"जहाजानं पलीकडे नेऊन मग लादले असतील."

"थांबा," काका म्हणाले. पुन्हा आकाशाकडे. "उंट किती उचलतो? दोनशे, अडीचशे किलो. तेरा टन ब्राँझ आणि... लोखंड किती होतं म्हणालात?"

"३०० टॅलंट. पावणेआठ टन."

"एकवीस टन. लोखंड आठशे वर्षांत गंजून गेलं असणार, पण धरू. एकवीस टनांना नव्वद उंट. नऊशे कुठून आणले? एक शून्य चढलं."

ग्रीक आकड्यांत शून्य नव्हतंच, तरीही ते चढलं याचं मला कौतुक वाटलं. आणि ही उंटांची हकिकतही, त्या काळातल्या अरबांविषयी ज्या गोष्टी पसरल्या होत्या त्यांतलीच एक असावी, अशी शंका लॉरेन्स कॉनरॅड या इतिहासकारानं घेतली आहे. बाजारात ब्राँझ नेहमीच विकलं जातं. आठशे वर्षं ते उघड्यावर पडून होतं आणि कुणी त्यातला एक तुकडाही नेला नाही, हे मला स्वतःला पटत नाही. आमच्या गल्लीत गटारावरचं लोखंडी झाकण आठ दिवस टिकलं नाही.

"एक तुकडा सापडला म्हणून गाजावाजा झाला होता," मी म्हटलं. "१९८७ मध्ये. एका डच बाईंना दृष्टान्त झाला की बंदराच्या तळाशी पुतळ्याची मूठ आहे. पाणबुडे उतरले. मुठीसारखा भला मोठा दगड निघाला, बोटांच्या खुणांसकट. पेपरांत मथळे!"

"आणि?"

"दगड. पुतळा ब्राँझचा, ही मूठ दगडाची. बोटांच्या खुणा आजकालच्या यंत्राच्या पंजाच्या निघाल्या."

"जेसीबी!" काका आनंदानं ओरडले. शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं भुंकायला लागलं.

"मग तो होता तरी कुठे? गेले ते कुठे उभी राहिले मी?" माईंच्या आवाजात आता खरोखर काळजी होती.

"त्यावर अजून एकमत नाही. बंदराच्या टोकाला किल्ला आहे ना, संत निकोलसचा? त्याच्या भिंतींत संगमरवराचे वक्र चिरे बसवलेले आहेत आणि आत दगडांचं गोल जोतं आहे. तो चौथरा तिथंच होता म्हणणारे आहेत. म्हणजे तुमचा गाइड निम्मा बरोबर, एका पायापुरता. उर्सुला व्हेडर म्हणून जर्मन अभ्यासक आहेत, त्या म्हणतात, तो बंदरात नव्हताच, गावामागच्या टेकडीवर होता, देवळाजवळ. मला त्यांचं पटतं. देवाचा पुतळा देवळाशी असतो. बंदराच्या तोंडाशी जकातनाका असतो."

"टेकडीवर नाही नेलं आम्हाला. सूर्यास्त बघायला म्हणून वेळ होता, तो दुकानात घालवला."

"तिथंच हे मॅग्नेट घेतलंत."

"तिथंच."

काकांनी परडी उचलली, पण निघाले नाहीत. "तो रोमन आणखी काय म्हणाला? पडलेला बघून?"

"प्लिनी? तो म्हणतो, त्याच्या अंगठ्याला कवेत घेणारी माणसं फार थोडी. त्याची नुसती बोटं बहुतेक पुतळ्यांपेक्षा मोठी."

"अंगठ्याला." काकांनी स्वतःचा उजवा अंगठा वर केला आणि त्याच्याकडे, पहिल्यांदाच दिसल्यासारखं, बघितलं. "सुतळी आहे का?"

सुतळी कढीपत्त्याच्या काठीला बांधलेली होती. ती सोडली. आधी माझा अंगठा मोजला. सहा सेंटिमीटर. विसांनी गुणलं तर एकशे वीस.

"एवढं तर शाळकरी पोरगंही कवेत घेईल," माई म्हणाल्या. "प्लिनीनंही फुगवलं!"

"बायकांच्या अंगठ्याचं काय सांगता," काका म्हणाले. "माझा घ्या."

काकांच्या अंगठ्याभोवती सुतळी फिरवताना मला जरा अवघडल्यासारखं झालं. तो अंगठा नव्हताच, ते अवजार होतं. पेर चपटं, बाजूनं घट्टा, नख रुंद आणि जाड. पट्टीवर धरलं तर आठ सेंटिमीटर. वीसपट म्हणजे एकशे साठ.

आमच्या दोघींच्या मध्ये, कुंपणात, आंब्याचं जुनं झाड आहे. काकांनी त्याच्या खोडाभोवती सुतळी फिरवली. एकशे अठ्ठावन्न.

"माई, घ्या कवेत," काका म्हणाले.

माईंनी पदर खोचला. चप्पल काढली, कारण झाड म्हणजे झाड. आणि गाल खोडाला टेकवून त्यांनी दोन्ही हात पलीकडे घातले. मी मागच्या बाजूला जाऊन पाहिलं. बोटं एकमेकांना शोधत होती आणि मध्ये वीतभर साल शिल्लक होती.

"पुरले का गं?"

"नाही."

"बघा!" काका म्हणाले. "खारेसनं अंगठा कुणाचा बघून केला असेल? भट्टीवरच्या माणसाचाच ना?"

फाटकाशी दूधवाला थांबला होता. पिशवी हातातच धरून तो थोडा वेळ बघत राहिला.

"माई, बरं नाही का?"

"बरी आहे रे," माई झाडाला धरूनच म्हणाल्या. "देवाचा अंगठा मोजतेय. दूध ठेव पायरीवर."